एकेचाळीस नंबरची चकती

उस्केमेन शहरातल्या आमच्या धातुसंशोधन संस्थेत कामशातचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक तिचा चहा, ज्यात दूधच इतकं असायचं की चहा नावापुरता. आणि दुसरा तिने घासलेला डबा. दळणयंत्राचा डबा तिने एकदा ‘स्वच्छ’ म्हटला की संचालकसुद्धा त्यात बोट फिरवून बघत नसत. साहेबलोक शोध लावतात, परिषदांना जातात, गळ्यात पट्टे अडकवून फोटो काढून घेतात. त्या शोधाच्या बुडाशी कुणीतरी घासलेला डबा असतो, तो काही फोटोत येत नाही. कामशातला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. तिला फोटोत डोळे मिटायची खोडच होती.

ती तारबगताईच्या डोंगराकडची, मेंढपाळाच्या घरातली. सव्विसाव्या वर्षी नोकरी मागायला आली तेव्हा विभागप्रमुख तोक्तार आगांनी (आगा म्हणजे आमच्यात थोरले दादा) तिला प्रश्नच विचारले नाहीत. चहाची वाटी काठोकाठ भरून तिच्या हातात दिली. आमच्यात पाहुण्याला अर्धी वाटी देतात, पुन्हा पुन्हा देतात. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि चालते व्हा. बिचारीचा चेहरा उतरला. आगा म्हणाले, “ही त्या टोकाच्या खोलीत नेऊन ठेव.” लांबलचक व्हरांडा पार करून तिने वाटी नेऊन ठेवली. आगा मागोमाग जमीन बघत आले. एक थेंब सांडलेला नव्हता. “सोमवारपासून ये,” ते म्हणाले, “आणि तो चहा पिऊन टाक, थंड होतोय.”

तेव्हापासून चौतीस वर्षं ती तेच काम करत होती. पाच धातूंची कार्बाइडं, पाचांचीही भुकटी काळी, डोळ्यांना सारखीच. ती तोलून डब्यात घालायची, सोबत कठीण गोळ्या, आणि डबा वीस तास फिरवायचा. मग ती दळलेली भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात भरून दाबभट्टीत दोन हजार अंशांवर दाबायची. बाहेर यायची ती शंभर तेंगेच्या नाण्याएवढी, पण जाडजूड चकती. ती पाच कापडांवर, हिऱ्याच्या बारीक होत जाणाऱ्या लेपाने, तीन-तीन दिवस घासायची. चकतीत स्वतःच्या पापण्या मोजता आल्या की झालं. त्यानंतर हिऱ्याचं टोक दाबून चकती किती कठीण ते बघायचं, खुणेच्या कोपऱ्यांतून तडे किती लांब गेले ते मोजायचं, आणि शेवटी उघड्या हवेच्या भट्टीत पंधराशे अंशांवर तिला तासन्‌तास भाजायचं. पोलादाचं जिथे पाणी होतं तिथे बसवायच्या वस्तू या. त्यांना लाडाकोडात वाढवून चालत नाही.

आणि प्रत्येक घाण्यानंतर डबा घासायचा. आधी खरवडायचा, मग वाळू घालून तासभर फिरवायचा, मग स्पिरिटने धुवायचा, आणि हे सगळं तीनदा. मागच्या भुकटीचा कण पुढच्या भुकटीत गेला तर चकतीत काय आहे हे देवालाही सांगता येणार नाही, असं आगा म्हणायचे. कामशातने चौतीस वर्षांत तीनाचं दोनदा कधी केलं नाही.

शेवटची दहा वर्षं आगांना एकाच चकतीचा ध्यास होता. हाफ्नियम, टँटलम, झिर्कोनियम, नायोबियम, टायटॅनियम, पाचही अगदी सारख्या वाट्याने आणि पाचांचं मिळून एकच कार्बाइड. नवीन पोरं आली की आगा त्यांना समजावायचे, “दोन जावा एका घरात ठेवल्या तर भांडतात, घराचे दोन भाग होतात. पाच जावा ठेव, पाचही सारख्या मानाच्या, आणि अशा मिसळून टाक की कुणाची चूल कुठली तेच कळू नये. भांडायला बाजूच उरत नाही. गोंधळच घर धरून ठेवतो.” पोरं हसायची. क्ष-किरणांच्या आलेखात आगांच्या पाच जावा खरंच एक व्हायच्या. अडत होतं ते पुढेच. चकतीच्या पोटात बारीक छिद्रं राहायची, हवेच्या भट्टीत त्यांतून ऑक्सिजन शिरायचा, आणि चौथ्या-पाचव्या तासाला चकती पापडासारखी फुटायची. दहा वर्षांत एकही चकती वीस तास टिकली नाही.

आगांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. घाण्यात काय घातलं ते चकती भट्टीतून अख्खी बाहेर येईपर्यंत ते वहीत लिहायचे नाहीत. खिशातल्या चिठोऱ्यावर आकडे असायचे, वहीत नंतर. संचालक झुमाबेकोव त्यांना यावरून टोचायचे. आगा म्हणायचे, “पोटुशी बाईचं पोट आणि फिरता डबा, दोन्हींबद्दल आधी बोलू नये. नजर लागते.” एवढा शिकलेला माणूस, पण त्याबाबतीत अगदी आमच्या आज्यांसारखा होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्यांनी डबा स्वतःच भरला. चांगला तीनशे ग्रॅमचा घाणा होता, एरवीच्या पाचपट. कामशात तोलायला पुढे झाली तर म्हणाले, “राहू दे, आज मला करू दे.” झाकण आवळलं, यंत्र चालू केलं, टोपी घातली. “उद्या दुपारी उघडू,” म्हणाले. संध्याकाळी घरासमोरचा बर्फ उपसताना ते तिथेच बसले आणि आडवे झाले. डबा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरत राहिला, वीस तास भरल्यावर आपोआप थांबला. कामशातला बातमी कळली तेव्हा ती त्या थांबलेल्या यंत्रासमोरच उभी होती.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी झुमाबेकोव स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला रिकामी जागा आणि अडलेला डबा बघवत नसे. “वहीत नोंद आहे का या घाण्याची?”

“नाही. आगा नंतर लिहायचे.”

“मग काय आहे यात?”

“पाच कार्बाइडं असणार. नेहमीचीच.”

“असणार यावर विज्ञान चालत नाही, कामशात आपाय,” ते म्हणाले. आपाय म्हणजे ताई, सगळे तिला तसंच म्हणत. “नोंद नाही म्हणजे कचरा. मोल्दिरचा प्रकल्प सोमवारी सुरू होतोय, डबा मोकळा करा.”

आगांचा कोट मातीनंतर लगेच कुणालातरी देऊन झाला होता, मेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे वाटून टाकतात. खिशातलं चिठोरं कुठे गेलं कोण जाणे. कामशातने डबा उघडला. भुकटी रेशमासारखी बारीक झाली होती. तिने ती खरवडून खरवडून कचऱ्याच्या पिंपात ओतली आणि वर झाकण लावलं, सांगितल्याप्रमाणे. फक्त दोन लहान चमचे तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवले. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात थांबला, एवढंच.

मग तिने डबा घासला, तीनदा, नियमाने. सोमवारी मोल्दिरचा पहिला घाणा तोलला, साठ ग्रॅम. आणि झाकण लावण्याआधी बाटलीतला एक चमचा त्यात घातला. तिची आई घोडीच्या दुधाचं कातडी भांडं कधी पूर्ण रिकामं करायची नाही. तळाशी जुनं ठेवायची आणि त्यावर नवं ओतायची. विरजण संपलं की घर संपलं, असं ती म्हणायची. कामशातच्या मनात एवढंच होतं की आगांचं काहीतरी पुढे चालत राहावं. भुकटी तीच, पाच धातू तेच, चमचाभराने काय बिघडणार आहे? चौतीस वर्षांत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला व्हरांड्यापर्यंत हाकललं असतं.

त्या घाण्याची चकती म्हणजे एकेचाळीस नंबर.

मोल्दिर एकतीस वर्षांची, आगांची शेवटची विद्यार्थिनी. बापाविना वाढलेली, आई सेमे गावात बेकरीत कामाला. पोरगी हुशार आणि भांडखोर, अशी की यंत्र बिघडलं तर यंत्राशीही भांडेल. कामशात तिच्यावरून जीव ओवाळून टाकायची, आणि ती कामशातच्या दुधाळ चहाला नावं ठेवत तीन-तीन वाट्या प्यायची. एकेचाळीस नंबर हवेच्या भट्टीत पाच तास टिकली तेव्हा मोल्दिरने नुसतं घड्याळ बघितलं. दहा तास टिकली तेव्हा तिने नखं खायला सुरुवात केली. चोविसाव्या तासाला चकती बाहेर काढली तर वर पांढरी पातळ साय धरलेली, आत अख्खी. कापून बघितली, छिद्र नाही. मोल्दिर कामशातच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

“आगा असायला हवे होते, आपाय.”

“हं,” कामशात म्हणाली. तिलाही भरून आलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं, आगांचा आशीर्वाद लागला. त्यापुढे तिने विचार केला नाही.

मोल्दिरने शोधनिबंध लिहिला, तो परदेशी छापला गेला. राजधानीतून, अस्तानाहून, प्रकल्पाला तीन वर्षांची मंजुरी यायच्या बेतात होती आणि तिच्याबरोबर मोल्दिरची कायमची नोकरी. अट एकच, चकती पुन्हा करून दाखवा.

बेचाळीस नंबर सहाव्या तासाला फुटली. त्रेचाळीस चौथ्या. मोल्दिरने भट्टी तपासली, आर्गॉनच्या नळ्या बदलल्या, भुकटी नव्या पोत्यातली घेतली, जुन्या पोत्यातली घेतली. उन्हाळा गेला, पन्नास नंबर फुटली. एका चिनी प्रयोगशाळेने लिहिलं की तुमच्या कृतीने आमची चकती टिकत नाही. मग कुजबुज सुरू झाली. ज्यांनी मे महिन्यात मोल्दिरचं अभिनंदन केलं तेच ऑक्टोबरात म्हणू लागले, एकच चकती? आणि नेमकी आगा गेल्यावर? पोरीने बाजारातली चकती तर नाही ना भाजली? बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. अस्तानाने मंजुरी थांबवून चौकशी समिती नेमली.

समिती यायच्या आठवड्यात मोल्दिर दळणाच्या खोलीत आली. तिचे डोळे सुजले होते.

“आपाय, एकच विचारते. एकेचाळीसच्या वेळी डबा स्वच्छ होता?”

कामशात कापड पिळत होती. त्या क्षणापर्यंत तिने तो चमचा आणि ती चकती मनात कधी शेजारी ठेवली नव्हती. आता ठेवली, आणि तिला सगळं कळलं. पण तोंडातून जे निघालं ते चौतीस वर्षांच्या सवयीने निघालं.

“स्वच्छ होता.”

“तीनदा?”

“तीनदा.”

हे खोटंही नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. मोल्दिरने मान हलवली. “तुम्ही म्हणालात म्हणजे झालं,” ती म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी कामशात सकाळी घरी सात पोळ्या तळत होती, आपल्या गेलेल्यांच्या नावाने आम्ही तळतो तशा. तिचा नवरा दाउलेत, बस चालवून निवृत्त झालेला, पहिली गरम पोळी उचलायला टपून बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, कढईकडे बघत.

“सांगून टाक,” तो म्हणाला.

“सांगितलं तर चौतीस वर्षं पाण्यात. पुढच्या वर्षी निवृत्ती. लोक म्हणतील, हिने आणखी किती डब्यांत काय काय घातलं असेल.”

“म्हणतील.”

“आणि पोरीचा निबंधही जाईल. चकती तिच्या कृतीने झाली नाही, हेच ठरेल ना.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर ती खोटारडी ठरेल.”

दाउलेतने पोळी फुंकली. “मी एकदा बस नाल्यात घातली होती आणि ब्रेकवर ढकललं होतं,” तो म्हणाला. “मेकॅनिकला काढून टाकलं. अजून बाजारात तो दिसला की मी रस्ता बदलतो. गुडघ्यामुळे तू चालतेस लंगडत, तुला रस्ते बदलणं जमायचं नाही.”

समिती तीन माणसांची होती. त्यांतल्या अल्माटीच्या बाई, केस बारीक कापलेल्या, सगळ्यांत कमी बोलत होत्या आणि वह्या वाचत होत्या. मोल्दिर समोर बसली होती, हात टेबलाखाली. झुमाबेकोव खिडकीशी. कामशातला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं, काही विचारायचं झालं तर.

“प्रत्येक घाण्यात दोन-तीन ग्रॅम भुकटी डब्याला चिकटून वाया जाते,” अल्माटीच्या बाई म्हणाल्या. “चाळीसमध्ये गेली, बेचाळीसमध्ये गेली. एकेचाळीसमध्ये साठ घातली, साठ निघाली. घट काही नाही, असं लिहिलंय. अक्षर कुणाचं?”

“माझं,” कामशात म्हणाली. वजन ती खरंच लिहायची, तिला दुसरं येतच नव्हतं.

“भुकटी वाया गेली नाही हे कसं?” बाईंनी प्रश्न मोल्दिरला केला होता. मोल्दिरने वहीकडे बघितलं, मग छताकडे. दुसरा सदस्य हलकेच हसला आणि म्हणाला, “भुकटीला पिल्लं झाली असतील.”

कामशात उभी राहिली. बोलली सरळ. “वाया गेली होती. मी वरून तीन ग्रॅम घातली होती. तोक्तार आगांच्या शेवटच्या घाण्यातली. मुलीला ठाऊक नव्हतं. तिने मला विचारलं तेव्हा मी स्वच्छ आहे म्हणाले. डबा स्वच्छ होता, मी नव्हते.”

मग झुमाबेकोव म्हणाले, “का घातली, आपाय?”

“ते माझं मला माहीत. तुम्हाला लिहून घ्यायचं असेल तर लिहा, मूर्खपणामुळे.”

मोल्दिरने तिच्याकडे बघितलंच नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. ते बघून कामशातला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

खोटेपणाचा ठपका मोल्दिरवरून गेला. निबंध मात्र मागे घ्यावा लागला आणि मंजुरीही गेली. कामशातला दळणाच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. निवृत्तीपर्यंत तळघरातल्या कोठारात बसायचं, हातमोजे आणि साचे वाटायचे. चौतीस वर्षं जिच्या शब्दावर डबे उघडले गेले तिच्याकडून आता चार हातमोज्यांसाठी दोन सह्या घेत. नवी आलेली पोरं जिन्यात तिला बघून आवाज खाली करायची. ती घरी येऊन दाउलेतला म्हणायची, “गुडघा दुखतोय, बाकी काही नाही.”

औषधाच्या बाटलीतला उरलेला चमचा समितीने नेला होता. दोन महिन्यांनी मोल्दिर कोठारात आली. तोवर ती एकदाही आली नव्हती. खोक्यांच्या रांगेत उभी राहून तिने कागद पुढे केला.

“बाटलीत पाच नव्हते, आपाय. सहा होते. आगांनी क्रोमियमचं कार्बाइड घातलं होतं, बरंचसं. ते आधी वितळतं आणि छिद्रं बुजवत जातं. एकेचाळीसमध्ये क्रोमियमची बारीक रेघ मला मे महिन्यातच दिसली होती. मी म्हटलं, पोलादी पकडीची असेल, आणि सोडून दिली.” ती थांबली. “तीन ग्रॅमात आलेलं कणभर क्रोमियम, तेवढंही पुरलं.”

“मग?”

“मग मी क्रोमियम घालून तीन चकत्या केल्या. तिन्ही टिकल्या. चाळीस तास.”

कामशातने खोक्यावर हात टेकला. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही आलं. “म्हणजे आगांच्या डब्यात होतं ते...”

“तेच होतं. त्यांना सापडलं होतं. नुसतं दाबायचं राहिलं होतं.” मोल्दिरने कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “नव्या निबंधावर त्यांचं नाव पहिलं आहे. तुमचंही घातलंय, खाली, आभारात. झुमाबेकोव नको म्हणत होते.”

“घालू नकोस.”

“घातलंय.” तिने कागद परत घेतला, घडी केली. “एक गोष्ट मात्र सांगते. तुम्ही चमचा घातलात, त्याचा राग मला कधीच आला नाही. मी विचारलं आणि तुम्ही स्वच्छ म्हणालात, ते माझ्याने विसरवत नाही. प्रयत्न करते.”

“करू नकोस, पोरी,” कामशात म्हणाली. “राहू दे ते.”

मोल्दिर जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली तेव्हा कामशातने विचारलं, “तीनशे ग्रॅमच्या किती चकत्या झाल्या असत्या?”

मोल्दिरने मागे न वळता मनात भाग दिला. “पाच.”

पिंपं गेल्या एप्रिलमध्येच गाडी येऊन घेऊन गेली होती. कुठे पुरली ते विचारायला कामशातने दोन कार्यालयांना फोन केले आणि मग पुढचा नंबर फिरवायचा सोडून दिला. त्या दिवसापासून तिला जेवताना मध्येच डब्याच्या तळाशी पळी घासल्याचा आवाज ऐकू यायचा. किती निगुतीने खरवडलं होतं तिने ते! कोपऱ्यातला कणही सोडला नव्हता.

आगांना जाऊन वर्ष झाल्याचं जेवण फेब्रुवारीत होतं. आदल्या दिवशी सकाळी कामशात मदतीला म्हणून आगांच्या घरी गेली. आगांची बायको राबिगा पाटावर कणीक मळत होती. गोल चेहऱ्याची, तोंडाने फटकळ बाई. आगांना साऱ्या आळीसमोर ‘माझा काळ्या भुकटीचा व्यापारी’ म्हणायची. वर्षभरात ती अर्धी झाली होती. कामशातने हात धुतले, समोर बसली, आणि न राहवून सगळं सांगितलं. क्रोमियम, बाटली, तीन चकत्या, चाळीस तास. आणि पिंप. तिला वाटलं होतं, हे सांगणं तिचं देणं आहे. नवऱ्याचं काम खरं ठरलं हे बायकोला कळायला नको?

राबिगाचे हात थांबले नाहीत.

“त्या गुरुवारी घरी आला तो,” ती मग म्हणाली, “आणि जेवताना म्हणाला, राबिगा, उद्या येतेय बघ. मी म्हटलं, दहा वर्षं उद्याच येतेय तुझी ती. उद्या नाही आली तर घरी येऊ नकोस. हसला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि बर्फ काढायला गेला.”

कामशातने पाटावर सांडलेलं पीठ हाताने गोळा केलं.

“वर्षभर मी मनाला एकच सांगत आले,” राबिगा म्हणाली. “की ती यायची नव्हतीच. उद्या डबा उघडला असता, परत फुटली असती, परत तोंड पाडून आला असता. ते बघायच्या आधी गेला, सुटला. तेवढं एकच धरून मी झोपत होते, कामशात. तेही तू आज घेऊन चाललीस.”

“मला वाटलं तुला...”

“चांगलंच वाटलं असणार. माहीत आहे मला.” तिने पिठाच्या हातानेच डोळे पुसले, गालाला पांढरं लागलं. मग कणकेचा अर्धा गोळा तोडून कामशातसमोर ठेवला. “आता आलीस तर मळ. उद्या साठ माणसं आहेत.”

दोघी मळत बसल्या. बाहेर कुणीतरी खाटकाकडून मांस आणलं, ते ठेवून गेलं. राबिगाने मधेच विचारलं, “किती झाल्या असत्या म्हणालीस, चकत्या?”

“पाच.”

“त्याला एक पुरली असती,” राबिगा म्हणाली.